गोमाजी जित्ता असताना

मिशीवरूनच ओळखलं मी त्याले. भंडाऱ्याच्या पोहण्याच्या तलावावर सकाळी आमी टाक्या उतरवून राहिलो होतो, अन् गेटातून एक पोरगी हसत आली, तिच्या मांगून हा. पोट सुटलं होतं, केस मांगं सरकले होते, पण मिशी तीच. दोन्ही टोकाले पीळ देल्लेली, लांजेवारायच्या घरची. दिघोरीत त्यायच्या घरचं कुत्रंबी मिशीले पीळ देऊन भुंकते, असं माझी आई सुमनबाई म्हणते, अन् ती बाई उगाच कोणाले नावं ठेवत नाही.

बुकिंग पोरीच्या नावानं होतं. गुंजन. तुमसरची, नोकरी पुण्याले. तिच्याजवळ डायव्हिंगचं कार्ड पयलेच होतं, आता लग्नाच्या आंधी होणाऱ्या नवऱ्याले शिकवायचं होतं. लग्न झालं का दोघं अंदमानले जाणार, अन् तिले तिथी हात धरून बुडवणारा गाईड नोको होता, जोडीले नवरा पाहिजे होता. फोनवर तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं, मीबी इचारलं नव्हतं. सांगितलं असतं तं मी बँडबाजा लावून ठेवला असता.

प्रविणनं मले पाहिलं अन् गेटाजवळच थिजला.

"अरे ये ना," गुंजन म्हणे. "पाण्याले पाहूनच घाबरला का?"

तो आला. न येऊन सांगते काय तिले? का ह्याच मॅडमसंग माझं साक्षगंध झालं होतं?

लॉकडाऊनच्या आंधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आसगावले आमच्या अंगणात मांडव टाकून, गावाले जेवण देऊन साक्षगंध झालं. कपाळाले कुंकू लागलं, ओटीत नारळ पडला, साडी आली. प्रविण मले सकाळ-संध्याकाळ फोन करे. मी तेव्हा गोव्याले स्कूबाची इन्स्ट्रक्टर व्हायचं ट्रेनिंग घेऊन आली होती, अन् पेपरात फोटो छापून आला. काळा वेटसूट घातलेली मी, आजूबाजूले संगचे पोट्टे, वर मोठ्या अक्षरात 'भंडाऱ्याची जलपरी'. बाबानं तो फोटो कापून भिंतीले चिकटवला. त्याच आठवड्यात प्रविणचा बाप गोमाजी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. खुर्ची देल्ली तं बसलाबी नाही. साडी-नारळ परत मांगला, अन् शेजारच्यायले आयकू जाईल अशा आवाजात बोलला.

"आमच्या घरची सून आंगाले चिपकलेले कपडे घालून परक्या पोट्ट्यायसंग पाण्यात बुडत नाई. तेजराम, तू पोरगी पोसली का मासोळी?"

माझ्या बाबानं हात जोडले. ज्या माणसानं कधी सावकारापुढं हात जोडले नाही, त्यानं ह्या मिशीवाल्यापुढं जोडले, अन् मी दारात उभी राहून पाहिलं. प्रविण बाहेर रस्त्यावर मोटरसायकलवर बसून होता. एकदाबी आत पाहिलं नाही त्यानं. त्या दिवसापासून बाबानं कोणाच्या लग्नाले जाणं सोडलं. घरी आमी असं ठरवून टाकलं, का पोरगं बिचारं गरीब गाय, बापाच्या धाकात वाढलेलं, बापासमोर त्याची बोबडी वळते, त्याचा काही दोष नाही. सारा राग गोमाजीच्या नावानं. बाबा तं आजबी प्रविणचं नाव निघालं का "लेकरू चांगलं होतं" असंच म्हणते. मलेबी ते बरं वाटे. कोणी टाकून देल्लं म्हणण्यापेक्षा कोणी हिसकून घेतलं म्हटलेलं बरं वाटतेच ना!

गोमाजीले मात्र मी तेव्हापासून पाण्यात पाहत होती. अन् आता पाहा, त्याचीच होणारी सून डायव्हर! तोच काळा वेटसूट, तेच फोटो, इन्स्टाग्रामवर अख्ख्या दुनियेले दाखवलेले. पण तिच्या बापाची तुमसरले राईस मिल आहे. म्हणजे बापाची मिल असली का मासोळी चालते. मले असा राग आला, का टाकीचा नट आवळता आवळता हात सोलून घेतला मी.

"काहून वो, काय झालं?" अश्वजितनं इचारलं. अश्वजित माझा भागीदार, तोबी इन्स्ट्रक्टर. आमी दोघं मिळून हे स्कूबाचं काम चालवतो. पयले इथी तलावात शिकवतो, मंग कारध्याच्या पलीकडे पाण्यानं भरलेली गिट्टीची जुनी खदान आहे, तिथी खऱ्या बुड्या. तिथं जमलं तं आमी पास करतो, अन् मंग जगात कुठीबी समुद्रात उतराले भेटते.

"काही नाही," मी म्हटलं. "जुनी ओळख निघाली."

शिकवणं सुरू केलं. मी काही कमी केलं नाही, खोटं कायले बोलू? टाकी कशी बांधायची, हवेचं जॅकेट कसं फुगवायचं, जोडीदाराचे बकल कसे तपासायचे, अन् सगळ्यात मोठी गोष्ट, पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. प्रविण मान हलवे. माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या खांद्यामांगच्या भिंतीकडे पाहत होता. मी त्याले 'तुम्ही' म्हणत होती, तो मले 'मॅडम'.

मंग मास्कची पाळी आली. मास्क म्हणजे डोळे अन् नाक झाकणारी काच. पाण्याखाली टोंगळे टेकून बसायचं, मास्कमधी मुद्दाम थोडं पाणी घ्यायचं, वरची कड दाबून नाकानं फुंकायचं, का पाणी खालून निघून जाते. हे जमलं नाही तं पास नाही. प्रविण खाली बसला. पाणी घेतलं, फुंकलं, गेलं. अन् परत भरलं. परत फुंकलं, परत भरलं. नाकात पाणी गेलं, तो घाबरून भुसकन वर आला अन् खोकत काठाले चिपकला.

मले लगेच कळलं. मिशी! मिशीचे केस मास्कच्या कडेखाली आले का तिथून पाणी झिरपते. उपाय एकदम सोपा. नाकाखालची एक बारीक पट्टी कातरायची, वरून व्हॅसलीन थापायचं, बस. अश्वजितलेबी मिशी आहे, तो रोज तेच करते. तो डबी घेऊन आलाबी.

मी डबी त्याच्या हातातून घेतली अन् माझ्या बॅगीत टाकली.

"ह्यायले व्हॅसलीननं नाही होणार," मी म्हटलं. "मिशी लै दाट आहे. काढा लागते. साफ."

प्रविणनं पयल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा असा उतरला, का मले पेढे वाटावे वाटले.

"पण मॅडम," तो म्हणे, "बाबूजी आहेत ना."

आमच्याकडे हे कोणाले सांगा लागत नाही. बाप जित्ता असताना पोरगा मिशी काढत नाही. बाप मेल्यावर दहाव्याले न्हावी बसते, तेव्हा मिशी उतरते. साफ तोंडाचा पोरगा गावात दिसला का लोकं पयले इचारतात, बाबा कधी गेले? शहरात आता कोणी मानत नाही, पण गोमाजी मानते. गोमाजीच्या घरात मिशी म्हणजे सातबारा.

"अरे मग काय, अंदमानले मी एकटीच जाऊ?" गुंजन हसली, पण अर्धीच हसली. "ताई, दुसरं काही नाही का होत?"

"माझी सही लागते ना," मी म्हटलं. "समुद्रात ह्यायच्या मास्कमधी पाणी भरलं अन् हे घाबरून सुटले वर, तं फुप्फुस फाटते. मी जबाबदारी नाही घेत."

ती गोष्ट खरी होती. मिशी काढाच लागते, हे खोटं होतं. खऱ्याच्या पोटात खोटं मस्त बसते.

ते गेल्यावर अश्वजित माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याले साक्षगंधाची गोष्ट माहीत होती, नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं.

"रश्मी," तो म्हणे, "तू त्या माणसाले शिकवून राहिली का सोलून राहिली?"

"दोन्ही."

"हे बरोबर नाही. आपल्या धंद्यात असं नाही करत. उद्या त्याले दुसऱ्या कोणी सांगितलं तं?"

"कोण सांगते? तू?"

टाक्या गाडीत टाकताना जरा जोरातच आपटल्या त्यानं.

माझा बेत मले साफ दिसत होता. प्रविण मिशी काढणार नाही, हे मले पक्कं माहीत होतं. ज्याच्या तोंडातून साक्षगंध मोडताना एक शब्द फुटला नाही, तो वस्तरा कुठून उचलते? रविवारी खदानीवर परीक्षेले तो बापाच्या मांगं लपन, अन् गुंजन आपल्या डोळ्यानं पाहीन, का आपण कोणाच्या गळ्यात माळ टाकून राहिलो. तिनं तिथंच 'नाही' म्हणावं. तिच्या बापानं साडी-नारळ परत करावा. अन् गोमाजीनं चारचौघात हात जोडावे, माझ्या बाबानं जोडले तसे. एवढंच पाहिजे होतं मले. घरी जाऊन बाबाले सांगायचं होतं, का बाबा, फिटलं.

म्हणून मीच गुंजनले फोन केला. म्हटलं, रविवारी घरच्या लोकायलेबी आणा, मस्त जागा आहे, डब्बा पार्टी होईल. ती खुश झाली. बिचारीचा काही दोष नव्हता, पण मी तिची दया केली नाही. माझी कोणी केली होती?

बाकीचं सारं तलावातच शिकवून झालं, अन् रविवारी खदानीवर दोन गाड्या लागल्या. एकीतून गुंजन अन् तिचे मायबाप उतरले, दुसरीतून प्रविण, त्याची माय बेबीबाई, अन् शेवटी गोमाजी. पांढरा सदरा, खांद्यावर शेला, मिशी आता पांढरी झाली होती पण पीळ तोच. प्रविणची मिशीबी जागच्या जागी.

गोमाजीनं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तोच काळा वेटसूट घालून उभी होती. मुद्दाम.

"हे तं," तो म्हणे, "हे तं तेजरामची..."

"हव," मी म्हटलं. "मासोळी."

गुंजननं माझ्याकडे पाहिलं, मंग प्रविणकडे. प्रविण खाली पाहून राहिला होता. तिच्या ध्यानात काहीतरी आलं असेल, पण मी थांबली नाही.

"आज शेवटची परीक्षा," मी साऱ्यायले आयकू जाईल असं बोलली. "पण प्रविणराव मिशी ठेवून आले. मिशी असली तं मास्कमधी पाणी भरते. मी त्यायले पयलेच सांगितलं होतं, काढून या."

"मिशी काढून?" गोमाजी ओरडला. खदानीत आवाज घुमला. "म्या जित्ता हाओ ना अजून! पोरगा मिशी काढन म्हणजे म्या मेलो का? कोन सांगतलं हे? हे सांगून राहिली? हिचं आयकून माह्या पोरगा मिशी काढन?"

"काढू नका ना," मी म्हटलं. "माझी जबरदस्ती थोडीच आहे? पास नाही होणार, बस. अंदमानले गुंजन ताई समुद्रात जातील, अन् हे बोटीवर बसून साऱ्यायच्या चपला राखतील."

गुंजनचा बाप फसकन हसला. गोमाजीचं तोंड लाल झालं. बेबीबाईनं पदर तोंडाले लावला अन् "बाप्पा, बाप्पा" करत राहिली. अश्वजित पाण्याकडे तोंड करून उभा होता, जणू त्याचा कोणाशीच संबंध नाही.

"चाल प्रविण," गोमाजी म्हणे. "बस गाडीत. आपल्याले नाई पायजे हे सर्कस."

मी प्रविणकडे पाहिलं. आता! आता हा वळन अन् चालाले लागन. गुंजनबी त्याच्याचकडे पाहत होती. ती रुसली नाही, हातबी धरला नाही. नुसती पाहत होती.

अन् तो वळला. गाडीकडे चालाले लागला. मले वाटलं, जिंकलं! गुंजनचं तोंड पाहावं म्हणून मी वळलीच होती, तं मांगून डिक्की उघडल्याचा आवाज आला. प्रविणनं बॅगीतून पिशवी काढली, पिशवीतून दाढीचं सामान. सोबत घेऊनच आला होता तो. गाडीच्या बाजूच्या आरशासमोर वाकला, बाटलीतल्या पाण्यानं तोंड ओलं केलं, फेस लावला.

"प्रविण!" गोमाजी गरजला.

प्रविणनं मान वळवली. आवाज चढवला नाही, बोबडी वळली नाही.

"बाबूजी," तो म्हणे, "तुम्ही गाडीत बसा."

अन् रेझर चालवला.

एका बाजूची गेली, मंग दुसऱ्या बाजूची. पीळ देल्लेले केस फेसात मिसळून गिट्टीवर पडले. कोणी हललं नाही. बेबीबाई रडाले लागली. गोमाजी दोन पावलं पुढं आला, मंग थांबला, मंग त्याले समजेनाच का करू काय. समोर व्याही उभा, व्याहीण उभी. शेवटी त्यानं खांद्यावरचा शेला तोंडावर घेतला अन् जाऊन गाडीत बसला, आमच्याकडे पाठ करून. मिल-मालक चारचौघात खाकरला अन् दुसरीकडे पाहाले लागला.

झालं! मले पाहिजे होतं ते झालं. माणूस जित्ता होता अन् त्याचं दहावं त्याच्या डोळ्यासमोर झालं, अन् ते मी केलं. सुंभ जळला अन् पीळबी गेला. मी मनातल्या मनात नाचली.

मंग टाकी पाठीवर चढवली अन् प्रविणचे बकल तपासले.

बुडी मस्त झाली. हिरवं, थंड पाणी, खाली गिट्टीची पायरी, तिच्यावर आमी टोंगळ्यावर बसलो. मी इशारा केला. त्यानं मास्कमधी पाणी घेतलं, कड दाबली, फुंकलं. साफ. मंग अख्खा मास्क काढून परत घातला. साफ. हवा देणारा रेग्युलेटर तोंडातून काढून फेकला, बुडबुडे सोडत सोडत परत शोधला, तोंडात घेतला. नाकाखाली नवी, पांढरी कातडी होती, लहान लेकराची असते तशी. शांत होता एकदम. बोटाची गोल खूण केली त्यानं मले, का सगळं बरोबर आहे, अन् पाण्याखाली पयल्यांदा सरळ माझ्या डोळ्यात पाहिलं. त्या नजरेत काही नव्हतं. राग नव्हता, लाज नव्हती, मी कोणी जुनी आहे असंबी काही नव्हतं. मी त्याची मास्तरीण होती, बस. आमी दोघं वर आलो.

पास न करायले कारणच नव्हतं. मी सही केली. गुंजननं काठावरून त्याले हात देल्ला, त्याच्या साफ तोंडावरून बोट फिरवलं अन् हसली, अन् तोबी हसला. माझ्यासंग साक्षगंध झाल्यावर तो असा हसला होता का, मी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

"थँक्यू मॅडम," तो म्हणे.

गाडी निघाली तेव्हा गोमाजी मांगच्या सीटवर शेला घेऊनच होता. अश्वजितनं टाक्या मोजून भरल्या. जाताना एवढंच म्हणे, "खुश?" मी म्हटलं, "लै." अन् गाडी आसगावकडे हाणली, कारण मले बाबाले सांगायचं होतं.

बाबा ओसरीवर जेवायले बसला होता. मी हातपायबी धुतले नाही. त्याच्यासमोर फतकल मारून बसली अन् तिखटमीठ लावून सारं सांगितलं. गोमाजी कसा ओरडला, मी कशी 'मासोळी' म्हटली, मिशी कशी गिट्टीवर पडली, शेला कसा तोंडावर आला. बाबा आंधी ऐकतच राहिला, मंग हसाले लागला. हसता हसता त्याले ठसका लागला. इतक्या वर्षांत मी त्याले असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अवो, आयकली का?" त्यानं आईले आवाज देल्ला. "गोमाजी जित्ता असताना त्याच्या पोट्ट्याची मिशी उतरली!"

आई आतून भात घेऊन आली, तिबी हसली. आमी तिघंबी हसलो. मले वाटलं, फिटलं.

मंग बाबानं घास तोंडाजवळ नेला अन् थांबला.

"गोमाजी तिथंच उभा होता?"

"हव ना. समोरच."

"अन् पोरगं काय म्हणे त्याले?"

"म्हणे, बाबूजी, तुम्ही गाडीत बसा."

"असंच म्हणे?"

"असंच."

"भेला नाही?"

"नाही बाबा."

बाबानं घास ताटात ठेवला. आई माझ्याकडे पाहाले लागली, अन् मले कळलं, का तिलेबी कळलं. बाबा थोडा वेळ ताटातला भात बोटानं इकडं तिकडं करत राहिला.

"मंग त्याले बोलता येत होतं," तो म्हणे. "बापासमोर बोलता येत होतं त्याले."

मी पाण्याचा गिलास त्याच्याकडे सरकवला.

"तुझ्यासाठी नाही बोलला तो, माय."

एवढी वर्षं ज्या लेकराले आमी तिघायनं माफ करून ठेवलं होतं, त्याले मीच खदानीवर नेलं, मीच त्याच्या हातात वस्तरा देल्ला, अन् मीच घरी येऊन बाबाले सांगितलं, का त्याले फक्त मी नोको होती. मी आईले म्हटलं, बाबाले वरण वाढ, भात कोरडा आहे.